देवळाचे लाकूड आणि गावाचे पाणी

(जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम पुरे झाले, कळस चढला. कोणी पैका दिला, कोणी बैलगाडी दिली, ज्याच्यापाशी यातले काहीच नव्हते त्याने खांद्यावर पाट्या वाहिल्या. अशा मंगल प्रसंगी नालाबांधाची आणि चराऊ रानाची गोष्ट कशाला, असे कोणाच्या मनात आले तर त्यात वावगे काही नाही. परंतु एका गावाची अशी हकिगत आहे की तिथे आधी देऊळ उभे राहिले आणि मग त्या देवळाच्या आधाराने विहिरींना पाणी आले. ती आज सांगण्यासारखी आहे.

गाव राळेगणसिद्धी, तालुका पारनेर. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. १९७२ च्या दुष्काळाने आधीच मोडकळीला आलेले गाव पार खचले. साऱ्या शिवारात शंभर एकरसुद्धा ओलित नव्हते. शेत पिकेना म्हणून माणसे दारू गाळू लागली. तीस-चाळीस हातभट्ट्या एका लहानशा गावात! आणि गावात संत यादवबाबांचे देऊळ होते, त्याचे लाकूड लोकांनी काढून नेले आणि भट्टीखाली जाळले. देवाच्या घराचे लाकूड दारूच्या भट्टीला. गाव किती खाली जाऊ शकते याचे याहून वेगळे माप नको.

१९७५ साली अण्णा हजारे सैन्यातली नोकरी संपवून गावी आले. निवृत्तीचे जे पैसे हाती आले त्यांतले सुमारे वीस हजार रुपये त्यांनी या देवळाच्या दुरुस्तीला घातले. त्या काळी वीस हजारांत शेत आले असते, पक्के घर आले असते. त्यांनी घर बांधले नाही, देवळालगतच्या खोलीत राहू लागले. पहिल्यांदा म्हातारी माणसे आली, मग तरुण आली. पदरचे पैसे घालून हा गडी करतो तरी काय, हे बघायला आलेले हळूहळू हात लावू लागले. गावात श्रमदान सुरू झाले ते या कामापासून.

देऊळ झाल्यावर बसायला जागा झाली. बसायला जागा झाली म्हणजे बोलणे होते, आणि बोलणे झाले म्हणजे कधीतरी निर्णय होतो. दारूबंदीचा निर्णय देवळात झाला. चावडीवर झालेला ठराव आणि देवासमोर झालेला ठराव यांत कायद्याने काही फरक नाही, पण मोडताना फरक पडतो. बहुतेकांनी भट्ट्या आपण होऊन बंद केल्या. जे पिणे सोडीनात त्यांना खांबाला बांधून पट्ट्याने मारल्याचेही त्या गावच्या इतिहासात आहे. तेवढा भाग कोणी उचलू नये. मारून सुधारलेला माणूस मारणारा गेला की पुन्हा तिकडेच वळतो. १९८० साली त्याच देवळात धान्य बँक निघाली. ज्याचे पिकले त्याने धान्य द्यायचे, ज्याची चूल पेटत नाही त्याने न्यायचे आणि सुगीला थोडे वाढवून परत करायचे. सावकाराच्या दारापेक्षा ही पायरी बरी.

आता पाण्याचे. एक साधा हिशेब आहे, शाळेतल्या मुलालाही येईल असा. एका एकरावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला तर किती पाणी झाले? सुमारे सोळा लाख लिटर. दहा हजार लिटरचे एकशे साठ टँकर, एका एकरात, वरून फुकट उतरलेले. आणि त्याच एकराचा मालक चैत्रात हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभा. पाऊस कमी पडला हे खरे, पण पडलेला थांबला नाही हे त्याहून खरे. उघड्या माळावरून पाणी धावत सुटते ते एकटे जात नाही, मातीचा वरचा थर घेऊन जाते.

म्हणून काम माथ्यापासून सुरू करावे लागते. डोंगरउतारावर सारख्या पातळीने आडवे चर खणायचे, म्हणजे पाणी धावण्याआधी थबकते आणि जमिनीत शिरते. चराच्या भरावावर गवत आणि झाड. खाली ओघळींना दगडांचे लहान बांध, त्याखाली नालाबांध, आणि सर्वांत शेवटी पाझर तलाव. अधीर माणसे नेमके उलटे करतात. आधी खाली मोठा तलाव बांधतात, डोंगर उघडाच ठेवतात, आणि चार पावसाळ्यांत तलाव गाळाने भरला की नशिबाला दोष देतात. राळेगणला तर एक पाझर तलाव आधीपासून होता, पण त्यात पाणी ठरत नव्हते. बांधाला गळती होती. गावकऱ्यांनी श्रमदानाने ती दुरुस्त केली आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहिले. लोकांचा विश्वास बसला तो त्या विहिरीत वाकून बघितल्यावर, भाषणांनी नव्हे. पुढे १९८६ साली अण्णांना इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार मिळाला आणि गावोगावचे लोक राळेगण बघायला येऊ लागले.

पण ही विद्या त्यांनीही दुसरीकडे पाहिली होती. पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांचे काम चालू होते. पेशाने इंजिनिअर, पुण्यात कारखाना. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहून ते अस्वस्थ झाले आणि पुढे नायगावात चाळीस एकर पडीक जमीन भाड्याने घेऊन त्यांनी पाणी अडवून दाखवले. ती जमीन कोणाची होती? गावच्या देवस्थानची! देवाच्या नावावरचा ओसाड माळ पाण्याची शाळा झाला. तिथूनच पाणी पंचायत निघाली. तिचा नियम ऐकून भल्याभल्यांच्या भुवया चढल्या: पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, घरातल्या माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला अडीच एकरांपुरते, त्याहून जास्त नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा ज्याला पाणी हवे त्याने स्वतः भरायचा. आणि ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्यात वाटा.

भूमिहीनाचा हा वाटा महत्त्वाचा आहे, म्हणून तिथे थोडे थांबले पाहिजे. राळेगणची पंचसूत्री सर्वांना पाठ आहे: नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. म्हणायला सोपी. पण चराईबंदी झाली म्हणजे कोणाचे काय थांबते? ज्याच्या गोठ्यात चारा आहे त्याचे काही थांबत नाही. थांबते ते चार शेळ्यांवर पोट असलेल्या बाईचे. पाणी मुरून विहीर भरते ती बागायतदाराची. डोंगर राखायचा तिने आणि ओलित व्हायचे त्याचे, असा व्यवहार फार दिवस टिकत नाही. रात्री कोणीतरी कुंपण उचलते, आणि गाव त्याला चोर म्हणते. चराईबंदीच्या रानातले गवत कापून न्यायला आधी तिचा हक्क, मजुरीच्या कामात आधी तिचे नाव, हे त्याच बैठकीत ठरले पाहिजे. तेवढे ठरणार नसेल तर बंदीचा ठराव करू नये, हे बरे.

पारनेरच्या शेजारी, नगर तालुक्यात हिवरे बाजार आहे. तिथे १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. श्रमदान, झाडे, चर, बांध हे सगळे तिथेही झाले, ते पुन्हा सांगत नाही. वेगळे आहे ते पाणी आल्यानंतरचे. विहीर भरली की माणसाला पहिला ऊस आठवतो आणि दुसरी बोअर. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे ठरवले. पावसाळा सरला की पाऊस किती झाला याचा हिशेब गावासमोर मांडायचा. आधी पिण्याचे पाणी, मग गुराढोरांचे, मग उरेल त्यावर रब्बीचा पेरा. ताळेबंद तुटीचा निघाला तर पेरा कमी. दुकानदार असा हिशेब रोज घालतो. शेतकऱ्यालाच तो अपमानाचा का वाटावा कोण जाणे.

खड्डे खणायला दोनशे हात मिळतात. वृक्षारोपणाला तर फोटोत मावणार नाहीत एवढे, आणि पुढच्या वर्षी नवे पाहुणे बहुधा त्याच खड्ड्यात नवे रोप लावतात. कठीण असते ते नंतरचे: शेळी न सोडणे, कुऱ्हाड न लावणे, शेजाऱ्याने बोअर घेतली तरी आपण न घेणे. यात घाम गळत नाही, सत्कार होत नाही, नुसता मोह आवरावा लागतो, तोही वर्षानुवर्षे.

जुन्या लोकांना हे कळत होते. कोकणात आणि सह्याद्रीच्या रांगेत देवराया आहेत. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० नंतरच्या काळात त्या फिरून पाहिल्या, नोंदल्या. आजूबाजूचे डोंगर बोडके आणि देवाच्या नावाने राखलेला तुकडा तेवढा गर्द, त्यातून बारमाही झरा. श्रीवर्धनकडच्या गाणी गावची राई तोडायला निघाली तेव्हा गावकऱ्यांनी या मंडळींकडे मदत मागितली. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की राई गेली तर ओढा आटेल.

आणि एक कडू गोष्ट, ती जीर्णोद्धाराच्या मांडवातच बोलली पाहिजे. यांतल्या कित्येक देवराया परक्याने तोडल्या नाहीत. देऊळ जुने झाले, सिमेंटचे करावे असे ठरले, पैसे कमी पडले, आणि मग देवाचीच झाडे विकून देवाचे छप्पर झाले. राळेगणला देवळाचे लाकूड भट्टीत गेले, इथे देवाचे रान स्लॅबमध्ये गेले. आपल्या देवळाच्या मागचा वड आणि दोन्ही चिंचा बांधकामात शाबूत राहिल्या, त्यासाठी भिंत चार हात अलीकडे घ्यावी लागली आणि खर्च वाढला. तो खर्च ज्यांनी कुरकुर न करता सोसला त्यांची नावे या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीत आहेतच.

राहता राहिला नवा सभामंडप. हजार चौरस फुटांच्या छतावर ४०० मिलिमीटर पाऊस झाला तर सदतीस हजार लिटरच्या आसपास पाणी होते. थोडे उडते, थोडे सांडते, तरी बरेच उरते. आज छताची नळी रस्त्यावर सोडलेली आहे आणि मागची जुनी विहीर कोरडी आहे. नळीपासून विहिरीपर्यंत पाइप किती लागेल आणि मध्ये गाळणीचा खड्डा कुठे घ्यावा, हे मोजायचे तरुण मंडळींनी कबूल केले आहे. उद्या सकाळची आरती झाली की टेप घेऊन यावे. पहार देवळाच्या ओसरीवर ठेवलेली आहे.