दाखल्याविना राहिलेले शोधनिबंध

कीर्तनकार बुवा आपले म्हणणे मांडताना संतवचनाचा दाखला देतात. शास्त्रातही तशीच रीत आहे. नवा शोधनिबंध लिहिणारा संशोधक आपल्याआधी कोणी काय शोधले, ते नावानिशी सांगतो. काही निबंधांचे असे दाखले हजारो वेळा दिले जातात, तर काहींकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. दंतवैद्यकात अशा उपेक्षित निबंधांची संख्या काही थोडी नाही. मग ते सगळे टाकाऊच म्हणायचे का?

एका निबंधाची हकीकत सांगतो. 1924 साली किलियन क्लार्क या संशोधकाने किडलेल्या दातांतून एक जंतू वेगळा काढला. तो पुरता गोल नव्हता, थोडा लांबट होता. नेहमीच्या जंतूचेच हे बदललेले रूप असावे, असे वाटून क्लार्कने त्याला ‘स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स’ असे नाव दिले आणि दात किडण्याशी त्याचा संबंध असल्याचे इंग्लंडमधील एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले. सुरुवातीला एखाददोघांनी दखल घेतली, पण पुढे हा निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला.

आता पाहा, असे का झाले? पहिले कारण म्हणजे त्या वेळी सर्वांची नजर दुसऱ्याच जंतूवर होती. दोनच वर्षांपूर्वी, 1922 मध्ये, त्याच नियतकालिकात आम्ल तयार करणाऱ्या एका दांडीसारख्या जंतूवर ठपका ठेवला गेला होता. गावात चोरी झाली आणि एकावर संशय पक्का बसला, की दुसऱ्याची चौकशी कोण करतो? दुसरे कारण असे, की क्लार्कचा जंतू इतरांना दर वेळी सापडेना. जे पडताळून पाहता येत नाही, त्याचा दाखला द्यायला संशोधक कचरतो.

पुढे 1960 साली अमेरिकेत पॉल कीज आणि रॉबर्ट फिट्झगेराल्ड यांनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांवर प्रयोग केले. दातांची कीड एका प्राण्यातून दुसऱ्यात जाऊ शकते, आणि ती विशिष्ट स्ट्रेप्टोकॉकस जंतूंमुळे होते, हे त्यांनी दाखवले. पुढच्या काही वर्षांत ध्यानात आले, की हे जंतू क्लार्कने वर्णिलेल्या जंतूच्याच जातकुळीतले आहेत. 36 वर्षांहून अधिक काळ पडून राहिलेला निबंध पुन्हा बाहेर निघाला. कीड एकाच जंतूमुळे होत नाही, त्यात इतर जंतूंचा आणि साखरेचाही वाटा असतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. तरी क्लार्कने धरलेला धागा खरा होता.

दाखले न मिळण्याची आणखीही कारणे आहेत. दंतवैद्यकाचे बरेचसे वाचक खुर्चीत बसलेल्या रोग्याचे दात पाहणारे डॉक्टर असतात. ते निबंध वाचतात, त्यातली युक्ती वापरतात, रोग्याला गुण येतो. पण ते स्वतः निबंध लिहीत नाहीत. मग दाखला देणार कोण? आपल्याकडचेच पाहा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही ठिकाणी विहिरींच्या व बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते आणि मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात. अशा एखाद्या गावाची पाहणी कोणी छापली, तर परदेशातला संशोधक तिचा उल्लेख बहुधा करणार नाही. पण ती वाचून त्या गावाला दुसरे पाणी मिळाले, तर तिचे चीज झाले की नाही?

भाषेचीही अडचण असतेच. इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत लिहिलेला निबंध पुष्कळांच्या हाती पडत नाही आणि हाती पडला तरी वाचता येत नाही. आणि मोजणारेही सगळे मोजत नाहीत. अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी 1964 साली विज्ञानातील दाखल्यांची मोठी सूची प्रसिद्ध केली, तेव्हापासून ही मोजणी सोपी झाली. पण सूचीत निवडक नियतकालिकेच येतात. बाहेरच्यांत दिलेला दाखला हिशेबात धरला जात नाही. आज अध्यापकांच्या नेमणुका, बढत्या, अनुदाने यांत ही मोजणी पाहिली जाते, म्हणून हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मोजणीवर पोट अवलंबून असेल, तर तरुण संशोधक गावच्या पाण्याचा प्रश्न सोडून चलती असलेल्या विषयाकडे वळेल, आणि त्यात नुकसान गावाचे होईल.

मात्र दुसरी बाजूही खरी आहे. चार-पाच रोगी पाहून काढलेले निष्कर्ष, तुलनेला दुसरा गट नाही, इतरांनी दहा वेळा सांगितलेलेच अकराव्यांदा. असल्या निबंधांचा दाखला कोणी दिला नाही, तर ते योग्यच झाले. उपेक्षा झाली म्हणून कोणी क्लार्क ठरत नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. शाळेतल्या मुलांच्या दातांची पाहणी केलीत, तर गाव, तारीख, मुलांची संख्या, वये, पिण्याचे पाणी कुठले, आणि डाग कसे ओळखले, हे नीट लिहून ठेवा. ती वही आज कोणी मागणार नाही. पण उद्या पाण्याची तपासणी करायला कोणी आले, तर तुमच्या नोंदी त्याला पडताळून पाहता आल्या पाहिजेत.