एक दिवसाची सुट्टी
(गणेशोत्सवात केलेल्या भाषणावरून)



आपल्या चक्रधरपूरच्या कॉलनीतल्या मुलांना नऊ महिने भरताच गोवराची लस हाकेच्या अंतरावर मिळते. माझ्या गँगमधल्या एका हो आदिवासी ट्रॅकमनचे घर सारंडाच्या जंगलात, उपकेंद्रापासून लांब. मुलीला लस टोचून आणायला त्याने सुट्टी मागितली. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात घे." मग नदीला पूर आला. पोर गोवराने गेली.

सरकारचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ सालचा. सुटलेल्या मुलांसाठी २०१४ मध्ये मिशन इंद्रधनुष आले. लस फुकट आहे. पण २ ते ८ अंशांत जपलेली लस आणि बाळ, दोघांची गाठ एकाच दिवशी पडावी लागते.

तेव्हा हाताखालच्या माणसांना बाळाचे लसीचे कार्ड विचारा, आणि त्या दिवसाची सुट्टी नाकारू नका. एवढेच सांगायला उभा राहिलो.

गणपती बाप्पा मोरया!