परचक्रांत सांपडलेले सरकारी सेवक
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या दिवशीं ज्यांनीं या प्रभुमंदिराकरितां जमीन दिली, द्रव्य दिलें आणि अंगमेहनत केली, त्यांचीं नांवें आपण कृतज्ञतेनें घेतलीं. आतां थोडा वेळ आम्ही आपलें लक्ष दुसऱ्या एका वर्गाकडे वळवूं इच्छितों. टपालखातें, रेल्वे, सरकारी दवाखाना, कचेरी अशा ठिकाणीं सेवा करणारीं कुटुंबें आपल्या धर्मग्रामांत पुष्कळ आहेत. सरकारी नोकर म्हटला कीं, “पगारी माणूस, महिना भरला कीं झालें,” असें आपण सहज बोलून जातों. शुभवर्तमानांतील उत्तम मेंढपाळाच्या दृष्टांतांतहि एक मोलकरी आहे. लांडगा दिसतांच तो कळप टाकून पळतो. परंतु जगांतील प्रत्येक मोलकरी पळतोच असें नाहीं. अंदमान बेटांच्या इतिहासांत याचा जो दाखला सांपडतो, तोच आज आपणांपुढें ठेवावा असें आम्हांस वाटतें.

अंदमान म्हटलें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें सेल्युलर तुरुंग उभा राहतो. गणेशपंत व विनायकराव या सावरकर बंधूंनीं तेथें काळ्या पाण्याची शिक्षा भोगली. १९३८ पर्यंत तेथील राजबंदी स्वदेशीं परत धाडण्यांत आले. मात्र त्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच कोठड्यांतून सरकारी डॉक्टर आणि अंमलदार कोंडले गेले, ही गोष्ट आपल्यापैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल.

दुसऱ्या महायुद्धांत ८ मार्च १९४२ रोजीं रंगून पडलें. आतां पोर्ट ब्लेअरचा बचाव होणें अशक्य आहे असें पाहून इंग्रजांनीं तेथील गुरखा तुकडी काढून घेतली. २३ मार्च रोजीं जपानी सैन्य बेटावर उतरलें आणि कांहीं तासांतच तें शहर त्याच्या ताब्यांत गेलें. (याच शहरास २०२४ सालापासून श्रीविजयपुरम् असें नांव आहे.) फौज गेली, पण रोगी, त्यांचे डॉक्टर, पोलीस आणि कचेरींतील माणसें मागेंच राहिलीं. मुख्य आयुक्त वॉटरफॉल यांस कैद झाली. त्यांच्या हाताखालील अधिकारी मेजर बर्ड यांवर हेरगिरीचा आळ घेऊन त्यांचा शिरच्छेद करण्यांत आला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. पकडलेल्या सैनिकाला निदान कागदावर तरी आधार होता. १९२९ चा जिनिव्हा करार युद्धकैद्यांकरितांच झालेला होता. जपाननें त्यावर सही केली होती, पण त्यास विधिपूर्वक मान्यता दिली नव्हती. गणवेष नसलेल्या नागरिकाच्या वांट्यास तेवढाहि आधार आला नाहीं. नागरिकांच्या संरक्षणाचा स्वतंत्र जिनिव्हा करार झाला तो १२ ऑगस्ट १९४९ रोजीं; म्हणजे या माणसांच्या मरणानंतर.

जपानी जहाजें समुद्रांत बुडूं लागलीं, तसा अधिकाऱ्यांचा संशय वाढला. बातमी बाहेर जाते आहे, असें त्यांस वाटूं लागलें. वस्तुतः पोर्ट ब्लेअरचे माजी पोलीस अधिकारी डेनिस मॅकार्थी जानेवारी १९४३ मध्यें पाणबुडींतून गुप्तपणें येऊन अरण्यांत उतरले होते व माहिती गोळा करीत होते. ते हातीं लागले नाहींत. आळ मात्र गांवांतील माणसांवर आला. त्या वर्षीं पोलीस अधिकारी नारायण राव व त्यांच्याबरोबरचे कांहीं जण हेर ठरवून गोळ्या घालून मारले गेले.

त्यानंतर पाळी आली डॉक्टर दिवाणसिंग यांची. हे पंजाबांतील शीख गृहस्थ. जन्म १८९७ चा. पंजाबी भाषेचे ते नांवाजलेले कवि होते. १९२७ पासून ते सरकारी वैद्यकीय सेवेंत पोर्ट ब्लेअर येथें होते. त्यांची सहानुभूति स्वातंत्र्याच्या चळवळीकडे होती, आणि जपानी अंमलांत इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या स्थानिक शाखेचें पुढारपण त्यांच्याकडे आलें होतें. म्हणजे इंग्रजांचे ते हस्तक खासच नव्हते. सैनिकांसाठीं आणलेल्या स्त्रियांना ठेवण्याकरितां जपान्यांनीं गुरुद्वारा मागितला व डॉक्टरांनीं तो देण्याचें नाकारलें, असें सांगतात. २३ ऑक्टोबर १९४३ रोजीं त्यांस पकडून सेल्युलर तुरुंगांत टाकण्यांत आलें. सुमारें पावणेतीन महिने त्यांचा छळ चालला. १४ जानेवारी १९४४ रोजीं, वयाच्या ४६ व्या वर्षीं, तेथेंच त्यांनीं प्राण सोडला. पुढें ३० जानेवारीला हम्फ्रीगंज येथें आणखी ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यांत आल्या.

आतां एक अवघड गोष्ट. ३० डिसेंबर १९४३ रोजीं नेताजी सुभाषचंद्र बोस यांनीं याच शहरांत तिरंगा फडकविला. त्या दिवशीं डॉक्टर दिवाणसिंग तुरुंगांत मरणयातना सोशीत होते. आंत काय चाललें आहे याची नेताजींना कितपत कल्पना होती, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. त्या वादाचा निवाडा आम्ही करीत नाहीं. परंतु त्या ध्वजाचा अभिमान बाळगतांना त्या कोठडीचा विसर पडूं देणें न्यायाचें होणार नाहीं. तसेंच, या सेवकांचा गौरव म्हणजे त्यांस नेमणाऱ्या साम्राज्याचा गौरव, असाहि अर्थ कोणीं करूं नये. नेमणारें सरकार बदललें. दाराशीं आलेल्या रोग्याची गरज बदलली नाहीं. माणसाची निष्ठा अखेर कोठें जडलेली होती, हें अशा वेळींच उघड होतें.

ऑक्टोबर १९४५ मध्यें बेटें जपान्यांच्या हातून सुटलीं. हम्फ्रीगंजला आज हुतात्म्यांचें स्मारक आहे. त्या शहरांतील गुरुद्वाऱ्यास डॉक्टर दिवाणसिंगांचें नांव दिलेलें आहे. ११ फेब्रुवारी १९७९ रोजीं तो तुरुंग राष्ट्रीय स्मारक म्हणून देशाला अर्पण झाला. आपल्यापैकीं कोणी तेथें गेल्यास सावरकरांच्या कोठडीपुढें मस्तक नमवावेंच. पण तेवढ्यानें परत न फिरतां या डॉक्टरांचीहि आठवण करावी.

त्या युद्धांत ब्रह्मदेश, मलाया, सिंगापूर येथेंहि आपल्या देशांतील कित्येक कारकून, तारमास्तर, कंपाउंडर परचक्रांत सांपडले. कोणाच्या घरीं अशा आजोबा-पणजोबांचें एखादें पत्र, तसबीर अथवा नुसती ऐकीव हकीकत असेल, तर ती लिहून धर्मग्रामाच्या दप्तरीं द्यावी, अशी आमची विनंती आहे. सैनिकांचीं नांवें पलटणीच्या बुकांत राहतात. या माणसांचीं नांवें घरच्यांनीं जपलीं तरच राहतील. येत्या मृतांच्या स्मरणदिनीं त्या सर्वांकरितां, ते कोणत्याहि धर्माचे असोत, आपण प्रार्थना करूं. आणि उद्यां कचेरींत, दवाखान्यांत, टपालाच्या खिडकीशीं आपल्या कामावर बसाल, तेव्हां समोर उभ्या असलेल्या माणसाकडे जरा मान वर करून पाहा, एवढेंच आपणांस सांगून आम्ही आपली रजा घेतों.