चहामळ्यातील माणसे

श्रोतेहो, व्याख्यान संपल्यावर आपण सारे चहा घेणारच आहोत; म्हणून आसामातील मळ्यांवरच्या मजुरांविषयी आम्ही आधीच बोलून घेतो.

छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओरिसा येथील गांजलेल्या माणसांना अरकाटी, म्हणजे मजूर जमविणारा दलाल, गाठी. करारावर अंगठा उठे. पळालेल्या मजुरास वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार १८६५ साली खुद्द मळेवाल्यालाच मिळाला आणि तो १९०८ पर्यंत टिकला. फिर्यादी तोच, शिपाईही तोच!

मे १९२१ मध्ये सिल्हेटच्या चरगोला खोऱ्यातील हजारो मजूर ‘मुलुखाला चला’ म्हणत बायकापोरांसह निघाले. चांदपूरला ते आगबोटीसाठी अडकून पडले. २० मेच्या रात्री स्टेशनात निजलेल्या या माणसांवर गुरखा शिपाई सोडण्यात आले. पाठोपाठ पटकी. दीनबंधू अँड्र्यूज धावून गेले. रेल्वेच्या व आगबोटींच्या कामगारांनी संप केला. परक्या मुलुखातल्या मजुरांसाठी पोटावर पाणी सोडणारे हे कामगार आम्हाला विशेष वाटतात.

१९५१ च्या कायद्याने घर, दवाखाना, पाळणाघर यांची जबाबदारी मालकांवर आली. पण घर मळ्याचेच. काम सुटले की छप्परही जाते. म्हणून कुटुंबातले एक माणूस तरी मळ्यावर ठेवावेच लागते, आणि बहुधा ती सून असते.