मातृभाषेतील शुभवर्तमान
(महोत्सवप्रसंगी तळेगाव (श्यामजी पंत) येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल दिनी देवाची उपकारस्तुती करीत असता आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो : प्रभूचे वचन आमच्या कानी आमच्याच भाषेत पडावे म्हणून कोणी कष्ट सोसले?

प्रथम संत सिरिल यांचे स्मरण करू. थेस्सलोनिका येथे जन्मलेले हे थोर पंडित इ. स. ८६३ मध्ये बंधू मेथोडियस यांसह मोराव्हियात गेले. स्लाव लोकांच्या भाषेस लिपी नव्हती. ती त्यांनी रचिली आणि शुभवर्तमान व उपासना त्या भाषेत आणिली. हिब्रू, ग्रीक व लॅटिन या तीनच भाषा देवस्तुतीस योग्य, असा आक्षेप त्यांजवर आला. परंतु पोप दुसरे एड्रियन यांनी त्या ग्रंथांस मान्यता दिली. सिरिल ८६९ साली रोम येथे प्रभूघरी गेले.

मराठी भाषेसही असाच सेवक लाभला. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. येशूसंघात प्रवेश करून ते १५७९ साली गोव्यास उतरले आणि १६१९ साली देह ठेवीपर्यंत येथेच राबले. जुनी पुराणे सुटलेल्या नवख्रिस्ती जनांस वाचावयास काही उरले नाही, हे त्यांनी ओळखिले. म्हणून ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीतच त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचिले. १६१६ साली ते राशोल येथे छापिले गेले. देवनागरी खिळे नसल्यामुळे मराठी शब्दांस रोमन अक्षरांचा वेष घ्यावा लागला. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकावी असा हुकूम काढिला. तरी पुराण जिवंत राहिले.

१९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेतील उपासनेचे द्वार उघडिले. एवढ्या सायासाने मिळालेले हे धन आम्ही मात्र कसे राखितो? मुले परकी भाषा शिकतात, याचे आम्हांस दुःख नाही. परंतु आजीची प्रार्थना नातवास कळू नये, याचे दुःख आहे, आणि तो दोष आमचाच आहे. परदेशी मनुष्य आमची भाषा शिकला. आम्ही ती मुलांस शिकवू नये काय?

आज रात्री जपमाळेनंतर प्रत्येक घरी ख्रिस्तपुराणातील एक तरी ओवी मोठ्याने वाचली जावो. हीच या महोत्सवाची खरी भेट होय. प्रभू आम्हांस तशी सुबुद्धी देवो. आमेन.