सामायिक फोल्डरांची नोंदवही

(अमृतमहोत्सवी सभेत कार्यालय-समितीच्या वतीने झालेले भाषण)



उत्सवाच्या मांडवात गायन व्हावे, सत्कार व्हावेत, आणि मध्येच दफ्तर सांभाळणाऱ्यांनी उभे राहून संगणकातील फोल्डरांविषयी बोलावे, हे थोडे बेताल वाटेल याची आम्हांस जाणीव आहे. तथापि विषय अध्यक्षांनीच सुचविला आहे, आणि त्यास कारणही तसेच आहे. ज्यास आपण संस्थेचे दफ्तर म्हणतो ते आता कपाटात फार थोडे उरले आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, त्यांसोबतचे उत्पन्नाचे दाखले, औषधोपचारासाठी मदत मागणारी पत्रे, रुग्णालयांची बिले, वधूवरांची टिपणे, हे सारे संगणकात गेले आहे. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या घरची, शेजाऱ्यासही न सांगितलेली हकीगत तेथे आहे.

पूर्वी दफ्तरातले कागद रुमालात बांधून ठेवीत. रियासतकार सरदेसाई यांची उमेदीची वर्षे आपल्या याच बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या सेवेत गेली. पुढे पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल सोडून त्यांनी निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. रुमालातला कागद पाहावयाचा तर गाठ सोडावी लागे, आणि ती कोण सोडतो हे चारचौघांना दिसे. सामायिक फोल्डरास गाठ नाही. तो एकाच वेळी दहा ठिकाणी उघडा असू शकतो, आणि तसा तो उघडा आहे हे त्याच खोलीत बसलेल्या माणसालाही कळत नाही. सगळी अडचण एवढीच आहे.

प्रथम कार्यालयातील संगणकांकडे पाहू. एका संगणकातील फोल्डर दुसऱ्यावरून उघडता यावा म्हणून तो 'शेअर' करतात. (हा शब्द ऐकताच मागच्या ओळीतील काही मंडळींनी कान टवकारले, परंतु या शेअरांवर लाभांश मिळत नाही.) कोणते फोल्डर असे वाटून दिले आहेत हे स्मरणाने सांगण्याच्या भरीस पडू नये, यंत्रालाच विचारावे. विंडोजमध्ये प्रशासकाच्या खात्यातून 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडून 'शेअर्ड फोल्डर्स' येथे गेले की तीन कप्पे दिसतात. 'शेअर्स'मध्ये वाटलेल्या फोल्डरांची यादी असते, 'सेशन्स'मध्ये या घटकेस कोण जोडलेले आहे ते कळते, आणि 'ओपन फाइल्स'मध्ये त्यांनी काय उघडले आहे ते. यादीत काही नावांच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असते. त्यांपैकी काही विंडोजने आपल्या व्यवस्थेसाठी स्वतःच ठेवलेली असतात. त्यांस भिण्याचे कारण नाही. परंतु तेच चिन्ह लावून कोणासही आपला फोल्डर इतरांच्या दृष्टीआड ठेवता येतो, म्हणून अनोळखी नाव दिसल्यास चौकशी अवश्य करावी. ही यादी त्या एकाच संगणकाची असते हेही ध्यानात असू द्यावे. कार्यालयात चार संगणक असतील तर चार ठिकाणी पाहिले पाहिजे.

यादीत नाव सापडले म्हणजे काम संपले असे नाही; त्या फोल्डरात शिरण्याची मुभा कोणास आहे, हा खरा प्रश्न. येथे दोन पहारे असतात. एक शेअरचा, दुसरा खुद्द फोल्डरचा. दुसऱ्या संगणकावरून येणाऱ्यास दोन्ही ओलांडावे लागतात आणि त्यांत जो कडक असेल तो लागू होतो. त्याच संगणकापुढे बसलेल्यास मात्र पहिला पहारा आडवा येतच नाही. शेअरच्या परवानगीत 'एव्हरीवन' हे नाव आढळले तर सगळी भिस्त दुसऱ्या पहाऱ्यावर आहे असे समजावे, आणि तो लगेच तपासावा. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दुसऱ्या संगणकावरून सामायिक फोल्डरातील कागद पुसला, तर तो सामान्यतः 'रिसायकल बिन'मध्ये जात नाही, थेट नाहीसा होतो. ज्याला केवळ वाचावयाचे आहे त्याला लिहिण्या-पुसण्याचा अधिकार देऊ नये, असा आमचा आग्रह आहे तो यासाठी. त्यात कोणाविषयी अविश्वास नाही.

गूगल ड्राइव्हची गोष्ट वेगळी. आपले विश्वस्त इंदूर, हैदराबाद, कोणी परदेशी, असे विखुरलेले असल्याने त्यावाचून आता चालत नाही. तेथे मालकी हा मुख्य प्रश्न होय. साध्या खात्यात एखाद्या कार्यकर्त्याने स्वतःच्या नावे फोल्डर उघडला आणि संस्थेचे कागद त्यात ठेवले, तर संस्थेच्या दृष्टीने ते कागद त्याच्या घरी आहेत. इतकेच नव्हे, तर दुसऱ्याच्या सामायिक फोल्डरात आपण चढविलेला कागदही मालकीने आपलाच राहतो. उद्या तो गृहस्थ खाते बंद करील, किंवा ईश्वरेच्छेने निघून जाईल. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती त्यांतील मजकुरासह काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. शोकात बुडालेल्या घरी जाऊन पासवर्ड मागण्याची पाळी कोणावर येऊ नये. म्हणून मालकी आजच संस्थेच्या खात्याकडे हस्तांतरित करून घ्यावी. अथवा संस्थांसाठी जे 'वर्कस्पेस' आहे त्यातील 'शेअर्ड ड्राइव्ह' वापरावे, कारण तेथील कागदांची मालकी व्यक्तीकडे नसून संस्थेकडे असते.

आणि 'ज्याच्याजवळ दुवा आहे असा कोणीही' ही सोय! संमेलनाची छायाचित्रे वाटण्यास ती उत्तम. परंतु फोल्डरास दिलेली मोकळीक त्यातील पोटफोल्डरांनाही लागू होते. घाईघाईत कोणी त्याच छायाचित्रांच्या फोल्डरात अर्जांचा फोल्डर ठेवला, की एका विधवा मातेने मुलाच्या फीसाठी लिहिलेले पत्र, व्हॉट्सॲपवर तो दुवा जेथे जेथे फिरला असेल तेथे तेथे वाचावयास मोकळे. कोणी वाचले याचा पुरता हिशेब मग लावता येत नाही. अशा माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली संसदेने कायदाही केला आहे. परंतु कायदा नसता तरी ज्याने आपल्यापुढे संकोचाने हात पसरला त्याचे नाव झाकून ठेवणे आपल्याकडे लागतेच.

यास्तव आम्ही एक साधी कागदी नोंदवही घातली आहे. फोल्डरचे नाव, तो कोणत्या संगणकावर वा खात्यात, मालक कोण, कशासाठी, कोणी वाचावयाचे, कोणी लिहावयाचे, कधी दिला आणि कधी काढून घेतला, एवढेच रकाने. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वत्र कोरा राहतो! समितीतून निवृत्त होणारा सभासद कपाटाची किल्ली न मागता परत करतो. फोल्डरची परत करावयाची असते हे त्याच्या ध्यानीही येत नाही. वर्षातून दोनदा, हिशेबतपासनीस येण्यापूर्वी आणि दिवाळीच्या पाडव्यास, वहीतील नोंदी आणि यंत्रावरील यादी ताडून पाहण्याचा ठराव समितीने केला आहे.

सभागृहाच्या दाराशी मेज मांडले आहे. वही तेथेच आहे. ज्यांच्या खात्यात, फोनमध्ये वा घरच्या संगणकात संस्थेचा एखादा फोल्डर असेल, त्यांनी भोजनास जाण्यापूर्वी आपले नाव व फोल्डरचे नाव तेवढे लिहून द्यावे, ही विनंती. पासवर्ड मात्र कोणी लिहू नये.