कोणतं काम कोणत्या वेळी?



मरोळला लागून आरे दुग्ध वसाहत आहे. ती १९४९ साली वसली. तिथल्या पाड्यांवर पावसाळ्यात आजही भात आणि वेलभाज्या होतात. भाजी तोडायची आणि बाजारात नेऊन बसायचं, दोन्ही कामं बहुधा बाईच्याच माथी. तेव्हा दिवसाची कामं ठरवताना आधी तिला विचारा.

पालेभाजी ऊन चढण्यापूर्वी काढा. उन्हात काढलेली पाटीतच माना टाकते, मग गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. भेंडी दिवसाआड तोडलीच पाहिजे, नाहीतर निबर होते.

फवारणीचं तसं नाही. काकडी-कारल्याची फुलं सकाळी उमलतात, त्यावर मधमाश्या येतात. तेव्हाच औषध मारलं तर माशी मरते आणि फळधारणा घटते. या वेलांवर संध्याकाळी फवारा. शिराळ्याचं उलट! त्याचं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून फवारणी सकाळी. तयार माल आधी उतरवून घ्या. नंतर डब्यावर लिहिलेले दिवस भरेपर्यंत तोडा करू नका.

आता भात. सगळं बी एकाच दिवशी टाकलं की सगळी लावणी एकदम अंगावर येते. माणसं मिळत नाहीत, रोप जून होतं, जून रोपाला फुटवे कमी. रोप साधारण तीन आठवड्यांचं असताना लावणी व्हावी. त्यासाठी आठवड्याच्या अंतरानं दोन वाफे टाका आणि कोणाकडे कोणत्या दिवशी जायचं ती सावड पेरणीच्या वेळीच ठरवा. विळ्याला धार मात्र रात्रीच लावून ठेवा. सकाळी कानस सापडत नाही.